दांडाचं लुगडं

लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं, तेव्हा मी मार्गासनीला नवी सून होते. माझं माहेर सारोळ्याचं. वडील शिंपी होते. मशीन त्यांच्याकडे नव्हतं, सगळी हातशिलाई. हाताखाली कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला सुई धरायला शिकवलं, आणि त्यामुळे दांड घालणं मला लहानपणीच आलं. लुगडं नेसून नेसून बसण्याच्या जागी विरतं. तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे एकमेकांना जोडायचे. शिवण चपटी हवी, नाहीतर अंगाला काचते. लुगडं थोडं आखूड होतं, पण आणखी वर्षभर नेसता येतं.

माझा नवरा भोरला एका दुकानात मशीनवर बसायचा आणि आठ दिवसांनी घरी यायचा. गावातल्या बायका विरलेली लुगडी नेसून, पाठीवरून पदर खाली ओढत पाण्याला जायच्या. ते मला बघवेना. शेजारणीच्या लुगड्याला मी दांड घालून दिला, मग आणखी चार-सहा जणी आल्या. सासूबाईंना ते पसंत नव्हतं.

"परक्याच्या कापडाला कात्री लावतीस," त्या म्हणायच्या. "एक डाव चुकलीस, तर त्या बाईनं नेसायचं काय?"

मला राग यायचा, कारण हीच भीती माझ्याही पोटात असायची. शिवून दिलेलं लुगडं नेसून कुणी ओझं उचलताना दिसली, की मी शिवणीकडे बघत राहायची.

पावसाळा सरत आला होता. एके दिवशी सकाळी नदीपलीकडच्या डोंगरावरल्या धनगरवाड्यावरची एक बाई दारात आली. माझ्याहून थोडी मोठी असेल. खांद्यावर घोंगडी होती आणि ती तिनं अंगाभोवती घट्ट आवळून धरली होती.

"तुमी लुगडं जोडून देता म्हनं," ती म्हणाली.

"देते. आणलंय का?"

तिनं मान खाली घातली. "नेसलेलंच हाय. दुसरं न्हाई."

मी तिला आतल्या खोलीत नेलं. तिनं लुगडं फेडून माझ्या हातात दिलं आणि घोंगडी गुंडाळून भिंतीशी बसली. उजेडात धरलं तर मधलं दीड हात कापड जाळीसारखं झालेलं. कात्री घेतली, पण हात चालेना. वडिलांच्या दुकानात काही चुकलं तर ते सावरून घ्यायचे. इथे मी एकटी होते, आणि ती बाई माझ्या हाताकडे एकटक बघत होती.

"कापा," तीच म्हणाली. "मला दूध काढायच्या वेळंला वर पोचाया हवं. तान्हं सासूपाशी ठिवलंया."

मी कापलं. दोराही बाजारात मिळत नव्हता, म्हणून कापून काढलेल्या चिंधीतलेच त्यातल्या त्यात बळकट धागे उपसले, दोन-दोन एकत्र पिळले, मेणावरून ओढले आणि शिवायला बसले. निम्मी शिवण झाली असेल. कडेचा जाड काठ आला, मी सुई जरा जोरानं दाबली आणि ती मधोमध मोडली.

घरात तेवढी एकच बारीक सुई होती. पोती शिवायचा दाभण होता, पण त्या विरल्या कापडात तो घातला असता तर बोटाएवढी भोकं पडली असती. शेजारी दोन घरी विचारून आले. एकीची सुई गंजून तुटली होती, दुसरीकडे मुळातच नव्हती. नवरा यायला चार दिवस होते. रिकाम्या हातानं परत येऊन तिच्यासमोर बसले.

"सुई मोडली," मी म्हणाले. "माझं लुगडं देते. ते नेसून जा."

"आन् तुमी?"

माझ्याकडे अंगावरचं आणि एक सणाचं होतं. सणाचं द्यायची माझी तयारी होती, पण सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, आणि त्यांच्याकडे बघायची माझी छाती होईना.

ती बाई रागावली नाही, रडलीही नाही. घोंगडीच्या आत तिनं छातीवर हात दाबून धरला होता. पान्हा फुटून घोंगडी ओली झाली होती. वरती मूल भुकेलं असणार, हे तिला कळत होतं आणि आता मलाही कळत होतं.

मग ती म्हणाली, "आमी घोंगडीच्या पट्ट्या जोडतो, तवा काट्यानं टोचतो. बाभळीच्या. मंग लोकर आत सारायची."

"लोकर ताठ असते. सुती दोरा आत जायचा नाही."

असं म्हणता म्हणता मेणाचा गोळा माझ्या हाताला लागला. दोऱ्याचं टोक मेणात पिळून पिळून ताठ केलं तर जाईलही. पण काटे आणायला जाणार कोण? ती घोंगडीत अडकलेली, आणि तिला तशी पुन्हा एकटी सोडून जाणं मला बरं वाटेना.

सासूबाई दारातून गेल्या. मला वाटलं, कंटाळून गेल्या. पाऊण घटकेनं आल्या त्या ओच्यात बाभळीचे लांब, पांढरे काटे घेऊन. हाताला दोन ठिकाणी ओरखडे होते.

"बारीक टोकाचे बघून आनलेत," त्या म्हणाल्या. "बस आता."

मी काट्यानं भोक पाडायची, ताठ दोरा त्यातून सारायची, सासूबाई कापड ताणून धरायच्या. काटे मोडत होते. एका टाक्याला आधी लागायचा त्याच्या चौपट वेळ लागत होता. उन्हं कलायला लागली तेव्हा शेवटची गाठ मारली. तिनं लुगडं नेसलं, कासोटा घातला, दोनदा खाली बसून उठली.

"धरतंय," एवढंच बोलून ती निघाली. नदीपलीकडच्या चढावर जवळजवळ पळतच होती. एवढं पळू नये, शिवण उसवेल, असं मला वाटत होतं. आणि मुलासाठी पळायलाच हवं, असंही वाटत होतं.

पुढचे काही दिवस मला जेवण गोड लागलं नाही. काट्याची भोकं मोठी, धागा जुना. ती वाटेत कुठे अडकली असेल का, हेच डोक्यात.

दहा-बारा दिवसांनी तेच लुगडं पुन्हा आमच्या दारात आलं. माझी शिवण मी लांबूनच ओळखली. आधी वाटलं, उसवलं म्हणून आली. पण ते नेसलेली बाई निराळीच होती.

"मी तिची जाऊ," ती म्हणाली. "आमच्या दोघींत ह्ये येकच. ती आली तवा मी घरात बसले, आज ती बसलीया. शिवण चांगली हाय, तसं सांगाया आले. वर आनीक पाच बायका हायेत. पन अंगावरचं इतकं विरलंया, त्यांनी खाली यावं कसं?"

त्या दिवशी माझ्या मांडीवर दोघींचं लुगडं होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी कात्री लावलीच नसती, हे मी ती गेल्यावर सासूबाईंना सांगितलं.

"मंग बरं झालं, तुला कळलं न्हाई," त्या म्हणाल्या.

बायका खाली येऊ शकत नव्हत्या, म्हणजे मलाच वर जायला हवं होतं. नवऱ्यानं भोरहून दोन सुया मिळवून आणल्या. पुढच्या सोमवारी मी सुया, कात्री आणि मेण फडक्यात बांधलं. चढण अंगावर येणारी, आणि पाच घरांत पाच लुगडी माझ्या कात्रीची वाट बघत असलेली. उंबऱ्यावर पाय अडखळला.

सासूबाईंनी कडी लावली आणि त्या माझ्या मागोमाग अंगणात उतरल्या.

"येकटीनं कुठं जातीस," त्या म्हणाल्या. "कापड ताणून धराया कुनी नको व्हय?"