भेग नसलेली मोड

अंबडच्या एका कंपनीत तो आणि मी समोरासमोर बसायचो. कामच मोडतोडीचं. ट्रकचा एखादा चिकटवलेला भाग बनण्याआधी संगणकावर मोडून बघायचा आणि भेग कुठून जाईल ते सांगायचं. त्यासाठी भागाचे हजारो बारीक तुकडे करतात आणि भेग जिथं जाईलसं वाटतं तिथल्या तुकड्यांमध्ये गोंदासारखी पातळ पट्टी घालतात. तिला कोहेसिव्ह झोन म्हणतात. भार आला की पट्टी आधी ताणली जाते, मग सुटते.

त्याचा स्वभाव मुळातच घाबरट. भेग कुठूनही येऊ शकते म्हणून गड्यानं प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये पट्टी घातली. झालं, ज्या भाराखाली चाचणीसाठी बनवलेला खरा नमुना ताठ उभा होता, त्याच भाराखाली आमचा पडद्यावर लोंबायला लागला. भेगेचा पत्ता नाही. तो चाचणी करणाऱ्यांवरच चिडला. दोष पट्ट्यांचा होता. पट्टी फार कडक केली तर गणित उधळतं, म्हणून तिला थोडं ताणलं जाऊ द्यावंच लागतं. एकीचं ताणलं जाणं जाणवत नाही, पण हजारोंचं मिळून अख्खा भाग मऊ पडतो. मी चिकटवलेल्या रेषेवरच्या तेवढ्या पट्ट्या ठेवल्या, बाकी काढून टाकल्या, आणि आकडे जुळले.

"मोडायची एवढी सोय करून ठेवलीस, तर बिचारा उभा कसा राहील?" मी म्हटलं. तो कान लाल होईपर्यंत हसला. त्या हसण्यावरच मी भाळले, खोटं कशाला बोलू.

लग्नाचं ठरवतानाही त्याचं तेच. ऑफिसात सांगायचं नाही, उद्या काही झालं तर तुझ्याबद्दल चर्चा नको. घर बघायचं, पण टोकन द्यायचं नाही. सुपारी फोडली की आमच्याकडं लग्न पक्कं. माझ्या वडिलांनी ती कधी फोडायची विचारलं, तर तो म्हणायचा, आधी दिवाळी होऊ दे, मग शेतातले कांदे निघू देत. सगळं माझ्याच काळजीपोटी. भांडावं तरी कशावरून? मी आतून ढिली पडत गेले आणि मला ते धड सांगताही येईना.

विरोध कुणाचाच नव्हता, हे तर मला आजही पचत नाही. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे, आई पंचवटीच्या बाजारात विकायला बसते. त्याची आई चांदवडहून मुद्दाम आली, आमच्या शेजारी पोत्यावर बसली आणि म्हणाली, "मला पोरगी लय आवडली." मी त्याला आनंदानं सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला.

"आज हो म्हणतेय. उद्या फिरली तर?"

मग त्यानं पुण्याला बदली मागून घेतली आणि फोनवर म्हणाला, आपण थांबूया, तुझ्याच भल्यासाठी. मी बरं म्हटलं. भांडायचं बळ उरलं नव्हतं.

गेल्या रविवारी आईला बरं नव्हतं म्हणून फुलांपाशी मी बसले होते. समोरून काकू, त्याची आई, आल्या, हसत. पदराची गाठ सोडून त्यांनी सुपारी दाखवली.

"तुझ्या आईला विचार, कधी फोडायची. आमच्या लेकाला विचारलं का नुसतं बघू म्हणतो."

मोडल्याचं त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. मग मीच सांगितलं, शेवंती निवडत, मान वर न करता.

काकू माझ्या शेजारी पोत्यावर बसल्या. "भांडला का तुम्ही?"

"नाही, काकू."

"आमच्यातलं कोणी काय बोललं?"

"नाही."

"मंग मोडलं कशानं, पोरी?"

हा प्रश्न मला ऑफिसात रोज विचारतात, आणि मी पडद्यावरच्या भेगेवर बोट ठेवते. काकूंना दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. मला रडू फुटलं, भर बाजारात.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सुपारी परत पदराला बांधायला घेतली. गाठ काही बसेना. शेवटी ती मीच मारून दिली.