वेलांटीबाई आणि बुटांची जाहिरात

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणायचे. ऱ्हस्वाची दीर्घ झालेली वेलांटी त्यांच्या नजरेतून निसटली, असं सव्वीस वर्षांत दोनदाच घडलं होतं, आणि ते दोन्ही प्रसंग त्यांना पान क्रमांकासकट पाठ होते. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांना बावन्नावं लागलं होतं. मालकांनी मान खाली घालून बातमी सांगितली. बाईंनी लाल पेन टेबलाच्या खणात ठेवलं, डबा उचलला आणि घर गाठलं.

पुढचा महिनाभर दुधाच्या पिशवीपासून औषधाच्या वेष्टनापर्यंत दिसेल त्या मजकुरातल्या चुका काढणं सुरू होतं. शेवटी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, घरातली सगळी खोकी तपासून झाली असतील तर आमचं एक काम करा."

धाकटा दीर बूट शिवायचा. ज्यांचे पाय सुजतात, बाजारातला बूट ज्यांना चढत नाही, त्यांच्यासाठी रुंद, मऊ, कापडी बूट. जाऊ त्यांचे फोटो वेबसाइटवर टाकायची, पण फोटोखाली काय लिहायचं तिथे तिचं गाडं अडायचं. 'कापडी बूट, रंग निळा' यापुढे तिची मजल जात नव्हती.

बाईंनी कंबर कसली. ऑनलाइन विक्रीसाठी कसं लिहावं याचा एक फुकटचा वर्ग त्यांनी इंटरनेटवर शोधून काढला. त्यातले मास्तर दर दोन मिनिटांनी 'ग्राहकाच्या काळजाला हात घाला' असं बजावायचे. बाईंनी वहीभर टिपणं काढली आणि तीन दिवस घासूनपुसून मजकूर तयार केला: 'आपल्या चरणकमलांना स्वर्गीय सुखाची अनुभूती देणारी कोमल पादत्राणे.' शुद्धलेखन अगदी चोख होतं. पंधरा दिवसांत एकच जोड खपला, आणि तोही परत आला.

खोक्यात चिठ्ठी होती. 'बूट मऊ आहे. पण पट्टा मागून लावावा लागतो, हे कुठेच लिहिलेले नाही. मला वाकता येत नाही.' खाली फोन नंबर.

जावेचं तोंड उतरलं. माफी मागायला बाईंनीच फोन लावला. पलीकडे एक निवृत्त नर्स होत्या. त्यांच्या गल्लीत त्यांना अजून सगळे सिस्टरच म्हणत.

"माफी राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "आधी सांगा, हे चरणकमल कोणाचे? माझे पाय दुपारी चार वाजता उशीसारखे फुगतात."

"शब्द चांगला वाटला म्हणून घातला."

"पण लिहिताना डोळ्यांपुढे कोण होतं तुमच्या?"

बाईंनी आठवून पाहिलं. डोळ्यांपुढे पान होतं, माणूस कोणीच नव्हतं.

"मी वॉर्डात उभा जन्म काढला," सिस्टर म्हणाल्या. "औषधाची स्तुती केली म्हणून कोणी गोळी घेत नाही हो. कुठे दुखतंय ते आधी पेशंटला सांगू द्यायचं. सांगून झालं की तो आपणहून हात पुढे करतो."

दुसऱ्या दिवशी बाई दिराच्या कामाच्या खोलीत जाऊन बसल्या. बूट घालून पाहिला, पट्टा लावताना स्वतःच कण्हल्या. दीर म्हणाला, "वहिनी, पट्टा मागेच शोभतो." बाई म्हणाल्या, "शोभेल रे, पण लावायचा कोणी?" आठवड्याभरात पट्टा पुढे आला.

मग दर बुधवारी फोन ठरून गेला. बाई मजकूर वाचायच्या, सिस्टर ऐकायच्या आणि मध्येच थांबवायच्या, "इथे मी वाचणं सोडलं." जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईंना सुरुवातीला हे फार झोंबलं. एकदा तर त्या जावेवर उगीचच करवादल्या. पण बुधवार आला की हात आपसूक फोनकडे जायचा.

मास्तरांच्या वर्गातली 'फक्त तीनच जोड शिल्लक' ही ओळ जावेला फार आवडली होती. फळीवर जोड होते चाळीस. बाईंनी ती ओळ जरा चाचरतच वाचून दाखवली.

"पेशंटच्या नातेवाइकांना घाबरवून ऑपरेशनसाठी सह्या घेणारे मी पाहिलेत," सिस्टर म्हणाल्या. "सही मिळते. पण ते नातेवाईक पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत."

ओळ गेली. शेवटी उरलं ते असं: 'संध्याकाळपर्यंत पाय सुजतात? हा बूट सुजलेल्या पायाच्या मापाने शिवला आहे. पट्टा पुढून, बसल्या बसल्या एका हाताने लागतो. लांब चालायला किंवा ओल्यात घालायला घेऊ नका. कापड आहे, भिजेल.'

"घेऊ नका असं कोण लिहितं, ताई?" जाऊ कुरकुरली.

पहिल्या आठवड्यात अकरा जोड गेले. एक परत आला, तो माप लहान पडलं म्हणून. वर्ष सरेपर्यंत दिराने हाताखाली दोन शिवणारे घेतले होते, आणि उशा विकणारे, पिशव्या विकणारे बाईंचा पत्ता विचारत यायला लागले होते.

त्यानंतर बाई पहिल्यांदाच सिस्टरांना प्रत्यक्ष भेटायला गेल्या. फोनवरच्या त्या खणखणीत आवाजामागे एवढ्याशा, काठी टेकत चालणाऱ्या बाई असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण ऐन वेळी एवढंच निघालं, "तुमची चिठ्ठी आली नसती तर मी अजून औषधाची खोकीच तपासत बसले असते."

"बसा आधी," सिस्टर म्हणाल्या. पण डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, तो बराच वेळ हातातच राहिला.

बाई निघाल्या तेव्हा सिस्टरांनी हळूच विचारलं, "माझी वरची खोली रिकामी आहे. तिची जाहिरात लिहाल?"

बाईंनी खोलीच्या खिडक्या, नळ, काहीच विचारलं नाही. "कोण यावं असं वाटतं?" त्यांनी विचारलं.

सिस्टर जिन्याकडे बघत राहिल्या. "येता-जाता हाक मारणारं कोणी तरी."

बाईंनी तिथेच बसून ते जसंच्या तसं लिहिलं. नवव्या दिवशी एक शाळामास्तरीण आईला घेऊन खोली बघायला आली आणि तिने जिन्याखालूनच हाक मारली, "सिस्टर, येऊ का?"