आईने घेतलेले नाव

आमच्या घरी दिवेलागणीनंतर घरची उपासना व्हायची. तिचा क्रम आमच्या ख्रिस्ती मंडळीने घालून दिला होता. एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा, आणि मग घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची, तीही नाव घेऊन. या शेवटच्या गोष्टीवर आमच्या पाळकसाहेबांचा फार भर असे. ते म्हणत, ज्याचे नाव घेऊन रात्री देवाजवळ काही मागितले, त्याच्याशी सकाळी भांडायला जीभ जड होते.

आम्ही खामगावात राहत होतो. बाबा गवंडीकाम करीत. माझ्या जन्मानंतर आईबाबांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या वेळी बाबांनी येशूच्या एका शिष्याचे नाव स्वतः निवडून घेतले. त्यांचे मूळ गाव देऊळघाटाकडचे. तिथे जुन्या नावाने त्यांना कोणी नीट हाक मारली नव्हती. तोडून, वाकडे करून, लांबूनच ओरडत. नव्या नावाचे त्यांना फार अप्रूप होते.

बाबांनी पहिल्यांदा आईचे नाव घेऊन प्रार्थना केली, तेव्हा मी तिच्याकडे पाहतच राहिले. तोवर ती बाबांची 'अवो' होती आणि शेजारणींची 'पोरीची माय'. तिला स्वतःचे एक नाव आहे, आणि ते इतके गोड आहे, हे मला त्या संध्याकाळी कळले. आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत खाली मान घालून बसली होती.

मग तिची पाळी आली. "बापा, पोरीले बरं ठेव. आन् ह्यांलेही बरं ठेव."

"ह्यांले म्हंजे कोनाले?" बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "देवाले कसं समजन?"

"त्याले समजते. तुमी आमेन म्हना."

नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे तिच्या अंगात मुरलेले होते. देव बदलला तरी ते बदलले नाही. पाळकीणबाईंनी बायकांच्या वर्गात तिला अक्षरओळख करून दिली होती. बाबांना वाचता येत नव्हते, म्हणून उतारा तीच वाचायची, एकेका अक्षराखाली बोट सरकवत. पण बाबांचे नाव असलेला शिष्य आला की बोट थांबे, आणि ती वाची, "मग ह्यांनी नावेतून पाय खाली टाकला, आन् हे पान्यावर चालाले लागले."

"मी?" बाबा म्हणायचे. "मले तं पोहताही येत नाई."

आम्ही तिघेही हसायचो. पण एकदा विटा भिजवताना ते मला म्हणाले, "माय, हे नाव मी सोता निवडलं. सारे घेतात. तुह्या मायच्या तोंडून एकदा ऐकाले भेटलं पाह्यजे." त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

मी मराठी सातवीत होते त्या वर्षी बाबा सोनाळ्याला एका शाळेच्या भिंती बांधायला गेले. एका रविवारी सकाळी तिकडून निरोप आला की त्यांना चार दिवसांपासून ताप आहे आणि ते माणूस ओळखत नाहीत. मोटार दुपारी होती. आई मला घेऊन उपासनेला गेली.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, विनंत्यांची एक वेळ असे. ज्याला मंडळीची प्रार्थना हवी असेल, त्याने उभे राहून त्या माणसाचे नाव सांगायचे. आई उभी राहिली.

"कोणासाठी, बाई?" पाळकसाहेबांनी विचारले. त्यांना ठाऊक होते, पण ते सगळ्यांनाच विचारीत.

आईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मागून एक म्हातारी कुजबुजली, "सांग न वं. अथी कोन परकं हाये?"

मी तिच्याऐवजी सांगावे म्हणून उठू लागले. आईने माझा खांदा दाबून मला खाली बसवले. आणि तिने बाबांचे नाव घेतले. पूर्ण नाव, आडनावासकट. सगळ्या मंडळीने माना खाली घातल्या.

बाबा बरे झाले. महिन्याभराने वाळून परत आले, तेव्हा देवळाच्या अंगणात त्याच म्हातारीने त्यांना गाठले. "मिस्तरी, बायकोनं भर मंडळीत नाव घेतलं तुमचं, आन् तुमी तथी खाटीवर!"

घरी येईपर्यंत त्यांना कसाबसा दम निघाला. "खरं काय हो? घेतलं तुमी?" आईला त्यांनी कधी नव्हे ते 'तुमी' म्हटले. "आता घ्या न एकदा."

"मी देवाले सांगतलं होतं," आई चुलीत फुंकर घालत म्हणाली. "तुमाले थोडीच सांगतलं?"

त्यानंतर कितीतरी वर्षे बाबा मुद्दाम तोच अध्याय वाचायला सांगत. आई हसे, बोट थांबे, आणि 'हे' पाण्यावर चालू लागत.

माझ्या शिक्षणासाठी पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या लिहिल्या, पाळकीणबाईंनी मला इंग्रजी शिकवले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताबरोबर होता; मी नागपूरच्या कॉलेजात गेले आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. ते ऋण मी विसरलेले नाही. आज माझ्या यजमानांचे नाव मी सहज घेते, हेसुद्धा त्या मंडळीचेच देणे आहे. पण वसतिगृहात मुली रांगेने प्रार्थनेला बसत, तेव्हा माझे कान आमच्या त्या तीन माणसांच्या उपासनेकडे लागलेले असत. अजूनही लागतात.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी आई गेली. मी घरी आले. पाहुणे पांगल्यावर पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघेच उपासनेला बसलो. बाबांनी प्रार्थना सुरू केली, सवयीने आईचे नाव घेतले आणि ते थांबले. पुढे काय मागायचे ते त्यांना सुचेना. मग त्यांनी डोळे उघडले.

"त्या दिसी देवळात तू तिच्याजवळच होती न?"

"हो, बाबा."

"कशी म्हने ती? म्हनून दाखव बरं."

मी तोंड उघडले. बाबांचे ते नाव मी परीक्षेच्या प्रत्येक अर्जावर लिहिले होते, कॉलेजच्या कारकुनाला खडखडीत सांगितले होते. पण समोर बाबा बसले होते, आणि बापाच्या तोंडावर त्याचे नाव माझ्याच्याने घेववेना.

"मोठ्यानं घेतलं होतं, बाबा," मी म्हणाले. "वावराच्या पल्याडच्या मानसाले हाक मारावी, तसं."

"पुरं?"

"पुरं. मांगच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं."

"आवाज कापे काय?"

"नाई."

त्यांनी मान हलवली. अजून काही येईल म्हणून ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी शास्त्र उघडले, आणि कुठला उतारा वाचू, असे त्यांना विचारले.