आईच्या मोटारीचा क्लच

१९९८ च्या नोव्हेंबरात, एका रविवारी सकाळी, आईने वडिलांच्या जुन्या मोटारीचा चिकटलेला क्लच आडगावच्या अलीकडच्या शेतरस्त्यावर सोडवला. गाडीत आई आणि मी होतो. मेकॅनिक नव्हता.

मोटार विलायती बनावटीची, गोल पाठीची. वडिलांनी ती जुनीच घेतली होती आणि याच रस्त्यावर आईला चालवायला शिकवली होती. वडील गेल्यावरही आई ती चालवत राहिली. मग तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गाडी शेडमध्ये गेली. गुडघा बरा झाला तोवर घरातलं सगळं जाणं-येणं टेम्पोवर आलं होतं आणि टेम्पो धाकट्या काकांच्या हातात होता.

आमचं घर झेंडू पिकवणारं. दसऱ्याला वाहनं पुजायची, पण त्याच पहाटे फुलंही बाजारात पोचवायची. त्यामुळे सगळं घाईत. फवारणीच्या पंपाची धार लावून टेम्पो आणि मोटार वरून-खालून धुतली जात, दोन्हींना हार पडत. टेम्पो लगेच बाजाराला निघे आणि वाटेत वाळे. मोटार मात्र ओलीच शेडमध्ये ढकलली जाई, ती पुढच्या दसऱ्यापर्यंत. आत शिरलेलं पाणी आतच राही. कधीतरी क्लचची प्लेट गंजून इंजिनाच्या चाकाला घट्ट बसली. पेडल दाबलं तरी इंजिन आणि चाकं एकमेकांना सोडेनात. इंजिन सुरू असताना गिअर पडेना.

दिवाळी झाल्यावर काकांनी सांगितलं, की शेड क्रेट ठेवायला लागणार आहे आणि सोमवारी भंगारवाला येईल.

"वहिनी, कुठं जायचं तर सांगत जा. टेम्पो हाय की."

"सांगायचंच नाहीये, भाऊजी," आई म्हणाली.

"आता ह्या वयात मोटार उडवणार का?"

"जमिनीवरूनच चालवीन."

शुक्रवारी तिने द्वारका चौकाजवळच्या एका मेकॅनिकला बोलावलं. तो गाडीखाली गेला, बाहेर आला आणि म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पंधरवडा जाईल, आणि प्लेट मिळेलच असं नाही. काही जण गाडी गिअरमध्येच चालू करतात आणि झटके देऊन क्लच सोडवतात, असंही त्याने सांगितलं. पण ते काम तो करणार नव्हता.

"काही तुटलं तर माझ्या गळ्यात येईल, मावशी."

"तुटलं तर काय होईल?"

"मग भंगारच."

"ते तर सोमवारी आहेच," आई म्हणाली. तिने त्याला चहा दिला आणि झटके नेमके कसे द्यायचे ते विचारून घेतलं.

शनिवारी ट्रॅक्टरची बॅटरी मोटारीला जोडली. मागची चाकं जॅकवर उचलली, गाडी टॉप गिअरमध्ये चालू केली. चाकं हवेत फिरू लागल्यावर आईने क्लच दाबून ब्रेक मारला. इंजिन बंद पडलं. पुन्हा तेच झालं. त्यानंतर गाडी जॅकवर डोलली, तेव्हा आईने चाकं खाली घ्यायला लावली. पेडल दाबलेलं राहावं म्हणून पेडल आणि सीट यांच्यात फळी अडकवली आणि ती रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी फळी काढली. क्लच तसाच होता. गाडी ढकलून रस्त्यावर आणली. काका आणि शेजारचे दोघे बांधावर उभे होते.

"हळदी-कुंकवानं मोटार चालती का कुठं?" काका म्हणाले.

"पूजा तुम्हीही करत होतात, भाऊजी. फिरवली कोणीच नाही."

शेजारी हसले. काका हसले नाहीत.

रस्ता सरळ होता, पण पुढे मुंबई-आग्रा महामार्गाला मिळत होता. क्लच सुटला नाही, तर गाडी थांबवायला चावी बंद करून ब्रेक दाबणं एवढाच उपाय होता. आईने पदर खोचला.

"उतरायचं असेल तर आत्ता सांग."

"नाही."

"मग गप्प बस."

तिने पहिला गिअर टाकला आणि स्टार्टर दिला. गाडीने उडी मारली, इंजिन सुरू झालं आणि आम्ही निघालो. आईचा डावा पाय पेडलवर पूर्ण दाबलेला होता. उजव्या पायाने ती ॲक्सिलरेटर दाबायची आणि एकदम सोडायची. गाडी पुढे-मागे हिसके खात होती. माझं डोकं काचेवर आपटलं. समोर महामार्गावरचे कांद्याचे ट्रक दिसू लागले.

"आई, चावी."

"थांब."

तिने आणखी एकदा उजवा पाय काढला आणि पुन्हा जोरात दाबला. खालून लोखंड फुटल्यासारखा आवाज आला. इंजिन मोकळं होऊन ओरडलं आणि गाडीचा वेग मात्र उतरू लागला. आईने ब्रेक दाबला. महामार्गाच्या अलीकडे गाडी थांबली. इंजिन चालू होतं. आईने रिव्हर्स गिअर टाकला. तो आवाज न करता पडला.

ती गाडी वळवून घरापर्यंत घेऊन आली. काका फाटकात उभे होते.

"सुटला म्हणायचा," ते म्हणाले. "पण उभी राहिली की परत चिकटंल."

"उभी राहणार नाही," आई म्हणाली. "फाटक उघडा."

त्यांनी फाटक उघडलं.

सोमवारी अकराच्या सुमारास भंगारवाला आला. काकांनी त्याला शेडच्या मागचे गंजके पत्रे दिले. मोटार शेडमध्ये नव्हती. आई ती घेऊन सकाळीच सिन्नरला तिच्या बहिणीकडे गेली होती. घरात तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.