विमलाबाई आणि दोन केबी

मंगळवार पेठेतल्या टायपिंग क्लासात विमलाबाईंनी बारा वर्षं डॉस, म्हणजे आज्ञा टाइप करून कॉम्प्युटर चालवायचं तंत्र, शिकवलं. पुढं विंडोज आलं, क्लास बंद पडला आणि बाईंना तोंडपाठ असलेल्या त्या आज्ञा कुणी विचारीनासं झालं. बासष्टाव्या वर्षी त्या पेठेतल्या पोरींना गणित शिकवत होत्या.

एके सकाळी दहाच्या सुमाराला जुना विद्यार्थी विजयसिंह याचा फोन आला. शिरोलीत आता त्याची लोखंड ओतायची फौंड्री होती.

"बाई, गाडी पाठवलीया. भट्टीत लोखंड तयार हाय, आन् तपासायचं मशिन बोंबललंय. तुमचं त्ये काळ्या पडद्याचं डॉस हाय की त्यात!"

बाईंनी तवा उतरवला, पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या.

तपासणीच्या खोलीत प्रियदर्शनी नावाची केमिस्ट वाटच बघत होती. वितळलेल्या लोखंडाचा गार केलेला नमुना मशिनवर ठेवला, की त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती ते कळायचं. ते कळल्याशिवाय साच्यात ओतता येत नव्हतं. मशिनला जोडलेला कॉम्प्युटर जुना, थ्री-एटी-सिक्स एसएक्स. त्याची हार्डडिस्क काल गेली, नवीन बसली, डॉसही पुन्हा टाकलं. पण प्रोग्रॅम उघडेना. पडद्यावर एकच तक्रार, मेमरी पुरत नाही.

"सोळा एमबी भरल्यात बाई. दुरुस्तीवाले म्हणाले, अजून टाकायला लागेल," प्रियदर्शनी म्हणाली.

बाई हसल्या. "या प्रोसेसरला सोळाच्या पुढं मोजताच येत नाही गं. आणि हा प्रोग्रॅम पहिल्या सहाशे चाळीस केबीतच बसणारा. घर केवढंही असो, याला पुढचीच खोली लागते. तिथं कोण कोण पथारी पसरलंय ते बघू."

मशिनच्या जुन्या पुस्तकात लिहिलं होतं: सहाशे पाच केबी मोकळी हवी. बाईंनी तपासलं. मोकळी होती पाचशे चाळीस.

"किती येळ, बाई?" विजयसिंह दारातून ओरडला. "लोखंड लई धरलं तर कार्बन जळतोय!"

"ओरडू नकोस. बस तिथं!" बाई म्हणाल्या आणि तो खरंच स्टुलावर बसला.

कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो ती फाइल बाईंनी उघडली. वीस वर्षांत त्यांचा डॉसला हात लागला नव्हता, तरी बोटं अडखळली नाहीत. आधी खुद्द डॉसलाच पुढच्या खोलीतून माळ्यावर, म्हणजे वरच्या मेमरीत, हलवलं. कॉम्प्युटर बंद करून चालू. पाचशे शहाऐंशी! मग माऊस आणि प्रिंटर चालवणारे छोटे प्रोग्रॅम, त्यांचे ड्रायव्हर, एकामागून एक वर धाडले. पुन्हा चालू. सहाशे तीन.

"दोनच कमी!" प्रियदर्शनीनं टेबलावर थाप मारली.

बाईंनी ती फाइल पुन्हा उघडली. दोन केबी! त्या ओळीन् ओळ वाचत गेल्या आणि एकदम थांबल्या.

"अरे! सव्वीस ड्राइव्हना जागा राखून ठेवलीय. इथं आहेत किती? एक फ्लॉपी, एक हार्डडिस्क. आणि एका वेळी उघडायच्या फायली साठ? तीस खूप झाल्या."

दोन आकडे बदलले. कॉम्प्युटर तिसऱ्यांदा चालू झाला. तिघंही पडद्याला नाक लावून उभी.

सहाशे सहा.

प्रोग्रॅम उघडला. प्रियदर्शनीनं नमुना ठेवला, निळी ठिणगी चरचरली आणि प्रिंटर करकरत कागद ओकू लागला. कार्बन तीन पॉइंट चार, हवा तेवढाच. "वतायचं!" विजयसिंह ओरडत भट्टीकडं पळाला. बाईही पदर खोचून मागोमाग गेल्या. लाल धार साच्यात पडताना बघून त्यांनी चक्क टाळी वाजवली.

परतताना गाडीतूनच त्यांनी लेकीला, पुण्यातल्या मैथिलीला, फोन लावला.

"सहासष्ट केबी सोडवली मी आज!"

"केबी? आई, तुझा सकाळचा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा मावायचा नाही त्यात."

"नसू दे. पाच टन लोखंड मावलं," विमलाबाई म्हणाल्या. "आणि ऐक, दर गुरुवारी जाणार आहे मी शिरोलीला. त्या प्रियदर्शनीला डॉस शिकायचंय."