घाटातली शेरणी

खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला शनिवारी जायचं आणि रस्त्याची तालीम मात्र गुरुवारी करायची, असला शहाणपणा जगात फार जणांना सुचत नसेल. मला सुचला. मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत डिस्पॅच बघतो. कोणता ट्रक कोणत्या रस्त्यानं शहराबाहेर काढायचा, हे ठरवण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे सिडकोतल्या आमच्या घरापासून खुलताबादपर्यंतचा रस्ता हा देवाचा विषय आहे असं मला वाटलंच नाही, तो माझ्या खात्याचा होता. जालना रोडनं सरळ जावं तर सिग्नलमागून सिग्नल, पुढं छावणी आणि पडेगावची गर्दी. बीड बायपासनं जावं तर अर्ध्या शहराला प्रदक्षिणा. म्हणून गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी एकटाच गाडी घेऊन निघालो, हर्सूलवरून सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलो, माळीवाड्याला उतरलो आणि दौलताबादचा घाट चढून पाऊण तासात खुलताबादला हजर झालो. देवळात गेलो नाही. ‘शनिवारी येतोच आहे’ असं बाहेरूनच सांगितलं आणि चहा पिऊन परत फिरलो. शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद, म्हणजे रस्ता आणखी मोकळा, असाही एक हिशेब मनात होता. महिना श्रावणाचा आहे आणि शनिवार हा मारुतीचाच वार आहे, या दोन गोष्टी डिस्पॅचच्या डोक्यात शिरल्या नाहीत.

या सगळ्या खटाटोपाचं कारण आई. गेल्या वर्षी काविळीनं मला असं काही धरलं होतं, की डॉक्टर माझ्याशी बोलायचे सोडून माझ्या बायकोकडे बघून बोलायला लागले. त्या दिवसांत आई फुलंब्रीकडच्या आमच्या गावाहून आली, ती नवस बोलूनच आली. पोरगा उठून स्वतः गाडी चालवायला लागला की त्याच्याच गाडीत बसून भद्रा मारुतीला येईन, आणि त्या दिवशी मारुतीला डोळ्यांनी बघितल्याशिवाय तोंडात काही घेणार नाही. निरंकार. पाणीसुद्धा नाही. मी बरा झालो, गाडी चालवायला लागलो, नवस तेवढा राहिला. माझं म्हणाल तर मी देवाला नाकारत नाही आणि त्रासही देत नाही. आजारातून उठलो तो औषधानं की आईच्या बोलण्यानं, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारायच्या भानगडीत पडलो नव्हतो. देवाचं सगळं खातं आईकडे आणि बायकोकडे सोपवून मी निवांत होतो.

आई तेव्हापासून आमच्याकडेच असते आणि तिला शुगर आहे. रोज सकाळी इन्शुलिनची सुई आणि सुईनंतर लगेच न्याहारी, हे आमच्या घरात देवपूजेसारखं चालतं. सुई टोचायचं काम सुनेचं. ती आईपेक्षा घड्याळाला जास्त भिते. त्या शनिवारी सकाळी ती म्हणाली, “अहो, सुई मी बरोबर घेते. दर्शन झाल्यावर टोचू.”

“देवळाच्या पायरीवर सुया टोचत बसणार का? इथंच टोच. पाऊण तासात पोचतो, दर्शन झालं की लगेच खाणं. मी रस्ता बघून आलोय.”

“रस्ता बघून आलात. गर्दी कुठं बघितलीत?”

आई दारात चपला घालून केव्हाची तयार होती. तिथूनच म्हणाली, “टोच गं बाई, त्यो म्हंतोय तर. नायतर दिसभर तोंड पाडून बसंल.”

हिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सुई टोचली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की बायको वाद घालणं कमी करते, त्याला नवरे आपला विजय समजतात.

महामार्गावर सगळं ठरल्यासारखं झालं. गाडी सुळकन पळत होती, दोन्ही बाजूंना हिरवं रान, आई मागच्या सीटवर सुनेशेजारी बसून ‘भीमरूपी’ म्हणत होती, आणि मी मधेच आरशात बघून “बघितलं?” असं एकदा म्हणूनही घेतलं. माळीवाड्याला उतरलो तेव्हा थोडी गर्दी दिसली. दौलताबादच्या तटातला तो जुना दिल्ली दरवाजा, त्यातून एका वेळी एकच गाडी धड जाते. तिथं बराच वेळ गेला. तरी मी म्हटलं, दरवाजा पार झाला की घाट मोकळाच असणार, सगळी गर्दी या दरवाजानं अडवलेली आहे. दरवाजा पार झाला, गाडी घाटाला लागली आणि दुसऱ्याच वळणावर थांबली. पुढं वळणावळणानं गाड्यांची माळ. वेरूळला निघालेल्या मोठ्या बसगाड्या, म्हैसमाळला पाऊस बघायला निघालेली पोरं, मारुतीचे भक्त, रिक्षा, टेम्पो. मागंही तीच माळ. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. गाडी वळवायला जागा नाही आणि काढायलाही नाही.

पहिल्यांदा मी हॉर्न वाजवला. मग खाली उतरून, जणू हा घाट माझ्याच कंपनीचं आवार आहे अशा थाटात, पुढच्या दोन-तीन गाडीवाल्यांना सूचना दिल्या. एकानं विचारलं, “साहेब, तुम्ही पोलीस का?” मी परत येऊन बसलो. तेवढ्यात मागून हिचा आवाज आला. एरवीपेक्षा हळू. “अहो, आईंच्या कपाळाला हात लावून बघा.”

आईचं कपाळ गार होतं आणि घामानं ओलं झालं होतं. स्तोत्र केव्हाच थांबलं होतं. हात थरथरत होते आणि ओठ पांढरे पडले होते. शुगर खाली गेली की काय होतं हे आम्हाला डॉक्टरांनी दहादा समजावलेलं आहे. लगेच काहीतरी गोड, नाहीतर माणूस शुद्ध हरपतो, आणि त्यापुढचं ते कधी पूर्ण सांगत नाहीत. हिनं पिशवीतून बिस्कीट काढून आईच्या ओठाला लावलं. आईनं मान फिरवली. मी म्हटलं, “आई, देव रागावत नाही. मी सांगतो, खा.” ती माझ्याकडे बघून इतकंच बोलली, आणि तेही जीभ अडखळत, “तुझ्यासाठी बोललेय मी. मोडनार नाय.” आणि दात आवळून घेतले.

त्या क्षणाला मी आयुष्यात प्रथमच खराखुरा नमस्कार केला असेन. हात स्टिअरिंगवर होते, डोळे मिटले होते. काय मागावं तेही सुचत नव्हतं. रस्ता मोकळा कर म्हणावं तर देवापाशी पोचायला किती वेळ लागेल हे आता मला कुठं माहीत होतं? मनात एवढंच आलं, की माझं ठरवणं संपलं, आता तुला काय करायचं ते कर. ती प्रार्थना होती की हात टेकणं होतं, मला सांगता यायचं नाही.

डोळे उघडले तर पुढच्या गाडीपाशी एक बाई भांडत होती. पन्नाशीची, उंच, काटक, कपाळाला मोठं कुंकू, डोक्यावर पदर आणि पदरावर धोतराच्या फडक्याचं गाठोडं. मेंढरांमागं हिंडणाऱ्या बाया असतात तशी दिसत होती. गाडीवाल्यानं बहुतेक तिला भिकारीण समजून काच वर केली होती. ती काचेवर बोटं वाजवत होती. “ए दादा, मागाया नाय आले, द्याया आलेय! शेरनी हाय देवाची!” काच खाली झाली, हात बाहेर आला, तिनं त्यावर चिमूटभर काहीतरी ठेवलं आणि आमच्याकडे वळली.

शेरणी म्हणजे नवस फिटला की वाटायचा प्रसाद. आमच्याकडं देवळातही वाटतात आणि दर्ग्यातही वाटतात. तिच्या फडक्यात गुळाचे खडे आणि खोबरं होतं. मी हात पुढं करायचंही विसरलो. तिनं मागच्या काचेतून आत बघितलं.

“म्हातारीला काय झालं?”

“निरंकार आहे,” ही म्हणाली. “साखर उतरलीय. दर्शनाबिगर तोंडात काही घेईनात.”

बाईनं गाठोडं काखेत धरलं आणि काचेतून अर्धी आत वाकली. “आज्जे, ए आज्जे. वरून आनलंय, मारुतीच्या पुढ्यातलं. घे.”

आईनं मान हलवली. नाही.

“असं करू नगं, माय. घाट उतरायच्या आत समदी वाटायची असं बोलले हुते मी. शेरनी कुनी माघारी फिरवली तर माझा नवस अर्धा ऱ्हाईल की.”

आईनं डोळे उघडले.  मग अगदी बारीक आवाजात विचारलं, “कशाची गं?”

“मेंढरं वाचली, आज्जे. लई वंगाळ रोग आला हुता. शेजारच्या वाड्यावरची निम्मी गेली.”

“तुझी समदी वाचली?”

“समदी. कोकरंबी.”

आईनं तोंड उघडलं. बाईनं गुळाचा खडा स्वतःच्या बोटांत चुरला आणि लहान मुलाला भरवावं तसा तिच्या जिभेवर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. “देवाचा खेळ बघा,” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “एवढी शेरनी कुनाला वाटू, ह्येच्या काळजीत हुते. रस्त्याला मानूस गावंल का नाय. तर त्यानं गाड्याच्या गाड्या रांगंला बशिवल्या माझ्यासाठी.” एवढं बोलून तिनं उरलेला सगळा गूळ हिच्या पदरात ओतला, फडकं झटकलं, घडी करून डोक्यावर टाकलं आणि मोकळ्या हातांनी घाट उतरायला लागली. मी नाव विचारीन, पाया पडीन, तोवर ती दोन वळणं खाली गेली होती आणि कुणाशी तरी मोठ्यानं हसत होती.

आई तो गूळ चघळत राहिली. हळूहळू कपाळ कोरडं झालं, हाताला ऊब आली. गाड्याही कधीतरी सरकायला लागल्या. ही म्हणाली, “आई, आता बिस्कीटही घ्या, उपास तर मोडलाच.” त्यावर आई ताडकन म्हणाली, “मोडला कुनी? शेरनी खाल्ल्यानं उपास मोडतो व्हय?”  आई भांडायला लागली म्हणजे तिची शुगर ठीक असते. देवळापर्यंत ती गुळावर आली, बिस्किटाला शिवली नाही. रांगेत मी तिला धरून उभा होतो. आडव्या झोपलेल्या त्या मूर्तीपुढं ती कितीतरी वेळ हात जोडून होती. मी विचारलं, काय मागितलंस? “मागायचं काय? त्या बाईची मेंढरं सांभाळ म्हनलं.”

मी हे कुणाला पटवून द्यायला लिहीत नाही. त्या दिवशी घाटात शेकडो माणसं होती आणि शेरणी वाटणारी एक बाई त्यांच्यात असणं यात नवल काही नाही, असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावीन. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्या कोंडीला मी घाटाला लागल्यापासून शिव्या घालत होतो, तीच कोंडी त्या बाईला देवानं बसवलेली पंगत वाटत होती, आणि माझी आई त्या पंगतीत बसली म्हणून वाचली. रस्ता मोकळा मिळाला असता तर मी माझ्या हुशारीची गोष्ट सांगत फिरलो असतो. आता कंपनीत ट्रकची आखणी मी पूर्वीइतकीच चोख करतो, तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पण ट्रक फाटकाबाहेर पडला की एकदा हात जोडतो. पलीकडचं माझ्या हातात नाही, हे कळायला मला एक घाट लागला.

त्या संध्याकाळी आई जेवून झोपली होती आणि ही गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मला राहवेना. मी म्हटलं, “आज देवानं आईला वाचवलं बघ.”

“आईंना वाचवायला मी होते की,” ती मान वर न करता म्हणाली. “माझ्या मुठीत साखर होती. ती बाई आणखी जरा उशिरा आली असती ना, तर मी आईंचं नाक दाबून तोंडात घातली असती. वाचल्याही असत्या त्या. पण लेकासाठी बोललेला नवस सुनेनं मोडला म्हणून मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी प्यायल्या नसत्या.” तिनं आईचं लुगडं झटकलं, त्याची नीट घडी घातली आणि त्यावर हात फिरवत म्हणाली, “आज त्यानं वाचवलं ते मला.”