न आलेला ट्रक

सिंगापूरला पासिर पांजांगच्या घाऊक भाजीबाजारात गोह स्यू लानच्या गाळ्यावर आठवडाभर एकच थट्टा चालली होती. मलेशियातल्या कुलाईहून येणारा वीरैयाचा ट्रक वळणावर दिसला, की हमाल म्हणायचे, "आला बघा, न आलेला ट्रक आला." वीरैया काचेआडून हसायचा. स्यू लान मात्र पाठ फिरवून, नीट रचलेल्या चाय सिम या पालेभाजीच्या जुड्या उगाचच पुन्हा रचायची.

थट्टेचं मूळ तिच्याच जिभेत होतं.

छोट्या व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने सभा भरवली होती. विषय आमच्या बेटाचा नेहमीचाच, की जगात काहीही उलथापालथ होवो, माल यायचा थांबता कामा नये. इथे पिकतं नावापुरतं आणि जिभेचे चोचले मात्र राजाचे. तेव्हा एकाच दारावर विसंबू नका, चार दारं उघडी ठेवा, हे आम्हाला उठता-बसता ऐकवलं जातं. त्यात खोटं काही नाही. साथीनंतर स्यू लानने तेच केलं. पूर्वी तिची सगळी पालेभाजी वीरैया आणायचा, मलेशियातून, पुलावरून. आता थोडी चीनहून जहाजाने येते, थोडी थायलंडहून, थोडी इथल्याच एका इमारतीत दिव्यांखाली उगवते. वीरैयाचा ट्रक अर्धाच भरलेला असतो. त्याने त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही. तिलाच त्या अर्ध्या ट्रककडे बघवत नसे.

सभेत दाखवायला संघटनेचा वेई जिए नावाचा पोरगेला माणूस तिचं चित्रण करायला आला. गोड बोलणारा, केसांना तेवढंच गोड काहीतरी चोपडलेला.

"आंटी, तुम्ही चार ठिकाणांहून माल घ्यायला लागलात ते कशामुळे? काहीतरी घडलं असेल ना?"

"घडलं काही नाही. भीती वाटायची."

"भीतीला चित्र नसतं हो, आंटी. लोकांना गोष्ट लागते. एखादा दिवस आठवा बरं."

समोर कॅमेरा, गालाला पावडर लावलेली, शेजारचे गाळेवाले माना उंचावून बघतायत. स्यू लानच्या तोंडून निघून गेलं, "एक दिवस ट्रक आलाच नाही. गाळा रिकामा. तेव्हा माझे डोळे उघडले."

वेई जिए खूश झाला. सभेत टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून ते चित्रण पुलाच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं.

खरं असं होतं, की ट्रक रोज आला होता. साथीत पूल बंद झाला तेव्हा फक्त मालाच्या गाड्यांना वाट होती. चालकाने खाली पाय ठेवायचा नाही, काच खाली करायची ती कागद दाखवण्यापुरती. वीरैया केबिनमध्ये बसून राहायचा, आणि स्यू लान कपडे वाळत घालायच्या बांबूच्या टोकाला कोपीची, इथल्या गोड कॉफीची, पिशवी अडकवून त्याच्या खिडकीपर्यंत पोचवायची. "माझ्या नवऱ्याचीही एवढी सेवा केली नाही हो, तंबी," असं त्या धाकट्या भावासारख्या माणसाला म्हणायची. तो वरून मालकीणबाईंना म्हणायचा, "म्हणूनच बिचारा लवकर गेला, टौके." अशा दिवसांत दोघं हसले होते, ते त्या बांबूमुळे.

फक्त एकदा त्याने पिशवी घेतली नव्हती. नुसती मान हलवली होती. तिला राग आला होता. "का, पुलापलीकडे जोहोरात जास्त चांगली मिळायला लागली वाटतं?" असा टोमणाही तिने मारला होता.

आज सकाळी बाजार उलगत आला, हमालांनी ट्रक रिकामा केला, तरी वीरैया निघाला नाही. खाली उतरून गाळ्यापाशी आला.

"टौके, एक विचारायचंय. मी आलो नाही, तो कोणता दिवस?"

स्यू लानने हातातली जुडी खाली ठेवली.

"नाही, म्हणजे घरी भांडण पेटलंय. पोन्नी म्हणते, तू तर रोज निघायचास. सिंगापूरला गेला नाहीस, तर गेलास कुठे? कोणाकडे?"

हमाल खो खो हसले. स्यू लानही हसली. बायकोच्या संशयावरच भागणार असेल तर बरंच, असं तिला वाटलं. पण वीरैया हसत नव्हता. हमाल हातगाड्या घेऊन पांगले, तसा तो जवळ आला.

"मी सगळे दिवस आठवून पाहिले. एकच दिवस असा होता, की मी यायला नको होतं. आदल्या संध्याकाळी तुमचा फोन आला होता. इस्पितळाच्या स्वयंपाकघराला भाजी द्यायचीय, बाकीच्यांचा भरवसा नाही, उद्याचा दिवस सांभाळ, तंबी, मग आठवडाभर झोप. आठवतं?"

तिला आठवत होतं. शब्द न् शब्द.

"अप्पा तेव्हा शेवटच्या घटका मोजत होते. तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. पुलावरच्या रांगेत असताना भावाचा फोन आला, की गेले. पुलावर मागे कुठे वळणार? पुढेच आलो. घरी पोचलो तोवर भावाने अग्नी देऊन टाकला होता. साथीचे नियम, थोरल्यासाठी थांबतंय कोण?"

"त्या दिवशी तू कोपी..."

"बाप घरात निजलेला असताना थोरला मुलगा काही तोंडात घालत नाही, टौके."

स्यू लानला आपलाच टोमणा कानात ऐकू आला. एवढी वर्षं अर्ध्या ट्रकपायी तिचं मन तिला खात होतं. खरं पाप भलतीकडेच होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"तुमचं बोलणं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं," वीरैया म्हणाला. "एक दिवस चुकवला होता म्हणे मी. मग चुकवायचाच होता, तर तोच का नाही चुकवला?"

यावर तिच्याकडे एकच उत्तर होतं.

"घरी फोन लाव," ती म्हणाली.

त्याने लावला, आवाज मोठा करून तिच्यापुढे धरला. पलीकडून पोन्नी दोनदा 'हॅलो' म्हणाली. हातगाडीवाले वळून बघायला लागले. बघू देत, असं मनाशी म्हणत स्यू लान त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"ट्रक रोज आला, पोन्नी. तुझा सासरा गेला त्या दिवशीही आला. मी सगळ्यांपुढे खोटं बोलले. एक दिवस त्याने चुकवायला हवा होता, तो चुकवू दिला नाही, ती मी."